कोरडं काम

१० जुलै २००८, गुरुवार

तृप्तीने ही डायरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, आमच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, निदान इथे तरी लिही." ब्लेडच्या कंपनीने दुकानाला भेट दिलेली डायरी आहे. दर पानाच्या तळाशी दगड कापायच्या गोल ब्लेडचं चित्र. जानेवारीच्या पहिल्या काही पानांवर ह्यांनी गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरांची मापं लिहिली आहेत, पुढे सगळी कोरी. मी जुलैपासून सुरू करते. मधली पानं राहू देत तशीच.

काय लिहायचं? उठले. पोळ्या केल्या. तृप्ती कॉलेजला गेली. सासूबाई गॅलरीत बसून होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीने माझं डोकं दुपारपर्यंत ओल्या कापसासारखं असतं. हे एप्रिलमध्ये गेले. येणारा-जाणारा सांगतो, छायाताई, एकदा मोकळेपणी रडून घ्या. मला रडू येत नाही. चार लोकांत त्याची लाज वाटते, घरात वाटत नाही.

१४ जुलै, सोमवार

दूध पुरत नाही. माणसं एकाने कमी झाली आणि पिशव्या तेवढ्याच, तरी संध्याकाळच्या चहाला दूध नाही. तृप्तीला विचारलं, रात्री दूध पितेस का. तिला दुधाचा वास सहन होत नाही, हे मी विसरलेच होते. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नाही, साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केला आहे.

संध्याकाळी भारतभाऊजी येऊन गेले. आता दुकान तेच बघतात. दोन वाक्यं बोलले की एकदा खोकतात. पावसाळ्यात सगळ्यांनाच होतं. आलं-तुळशीचा काढा करून दिला.

२० जुलै, रविवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. विचित्र म्हणजे तशी किरकोळच.

सकाळी ओटा पुसत होते. उजवीकडच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, हाताला दगड कोमट लागला. बाकी सगळा ओटा गार, फक्त तेवढीच थाळीएवढी जागा कोमट. गॅस डावीकडे आहे आणि मी तो अजून पेटवलाही नव्हता. खिडकी उत्तरेची, तिथे ऊन येत नाही. मी तळवा तिथेच ठेवून उभी राहिले. तृप्ती येऊन म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही.

हा ओटा ह्यांनी स्वतः घडवला. पाथर्डी फाट्यावर हे रो-हाउस घेतलं तेव्हा दक्षिणेकडून लाल ग्रॅनाइटचा माल आला होता. गडद लाल, मधे करड्या रेघा. गिऱ्हाइकाला नाही दिला, म्हणाले, हा आपल्या घरी लागेल. पुढची गोल कड घासायला तीन दिवस लावले. पहाटे लवकर साइटवर जायचं असलं की स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि उकळतं पातेलं सरळ त्या कोपऱ्यात ठेवायचे. मी ओरडायचे, डाग पडेल म्हणून. म्हणायचे, "अगं, हा दगड जमिनीखालच्या आगीतून आलाय. तुझ्या पातेल्याला घाबरेल होय?"

२४ जुलै, गुरुवार

ऊब आहे. त्याच जागी.

२९ जुलै, मंगळवार

गॅलरीत जास्वंदीच्या कुंडीत मुंग्यांचा बाजार भरला आहे. हळद टाकली. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, त्यांना बी प्वाट हाय." एरवी मुंगी दिसली की चपलेने रगडणाऱ्या बाई.

३ ऑगस्ट, रविवार

पुरवणीत आतल्या पानावर एक लेख आला आहे. अमेरिकेत म्हणे लोक घरातले ग्रॅनाइटचे ओटे तपासून घेतायत. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, थोरियम असतं. ते आपोआप फुटत राहतं, करोडो वर्षं. त्यातून किरणं निघतात, उष्णता निघते, आणि रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत जातो आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. लाल आणि गुलाबी दगडात हे प्रमाण जास्त.

'उष्णता निघते' या शब्दांखाली मी पेनाने रेघ मारली. मग उठून कोपऱ्यावर हात ठेवला. कोमट होता.

तेव्हा नक्की काय वाटलं ते लिहायचा प्रयत्न करते. भीती नाही वाटली. कुणीतरी बऱ्याच दिवसांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, असं वाटलं.

४ ऑगस्ट, सोमवार

ह्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, आणि सिगारेट नाही, तंबाखू नाही, साधी सुपारी नाही. मुंबईच्या डॉक्टरांना मी हे तीनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "काही पेशंटमध्ये कारण सापडत नाही, ताई." पहिल्याच दिवशी कागद भरताना तिथल्या मुलीने विचारलं होतं, पेशंट काय काम करतात? भारतभाऊजींनी सांगितलं, "मालक आहेत. ग्रॅनाइटचं शोरूम आहे स्वतःचं." खोकता खोकता हे हसले. मालक हा शब्द ह्यांना फार आवडायचा. मखमलाबादच्या मळ्यात आईबरोबर कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारा मुलगा, मग पॉलिशवाल्याच्या हाताखाली मजूर, आणि मग अंबड लिंक रोडवर स्वतःच्या नावाची पाटी. कुणी विचारलं तर मीही तसंच सांगते, शोरूम आहे.

डॉक्टरांना मात्र ओट्याचं कुणी सांगितलं नाही. तेव्हा माहीतच नव्हतं.

तृप्ती लहानपणापासून त्या ओट्याला टेकून उभ्यानेच जेवते. अभ्यासही तिथेच, कोपर टेकून. आजही तशीच उभी होती. मी म्हटलं, टेबलावर बस. ती म्हणाली, इथे बरं वाटतं. मी जोरात ओरडले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

९ ऑगस्ट, शनिवार

भाऊजींना लेख दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि घडी घालून परत दिला.

"वहिनी, हे पेपरवाले काय वाटेल ते छापतात. उद्या म्हणतील भाकरी खाऊ नका."

"मला हा ओटा काढायचा आहे."

"आं?" त्यांना ठसका लागला, पाणी दिलं. "वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? ग्रॅनाइटवाल्याच्या घरातला ग्रॅनाइट काढला, हे गावात पसरलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. दादाने दहा वर्षं कमावलेलं नाव आहे."

ते खरंच आहे. सिडकोपासून इंदिरानगरपर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी असायचं, ललितचं काम कोरडं आणि साफ. इतर फिटर पाणी मारून दगड कापतात, मग घरभर चिखल, नव्या रंगाच्या भिंतींवर शिंतोडे, घरमालकीण हात कमरेवर ठेवून उभी. हे कोरडंच कापायचे. नंतर झाडू मारला की काम संपलं. याच एका गोष्टीवर आमची पाटी उभी राहिली. भाऊजीही तसंच करतात.

म्हटलं, "तृप्तीला काही झालं तर पाटी काय चाटायची आहे?" सासूबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऊब आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

आहे. साखरेचा डबाही तळाला गेला.

१८ ऑगस्ट, सोमवार

सासूबाई तीन दिवसांसाठी मखमलाबादला नणंदेकडे गेल्या आहेत. काल आणि आज ऊब नव्हती. तृप्तीला सांगितलं, ढगाळ हवेचा परिणाम होत असेल. ती म्हणाली, "युरेनियमला हवामान कळत नाही, आई." फिजिक्स घेतल्यापासून फार शहाणी झाली आहे. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आमच्या वाघचौरे सरांकडे मोजायचं मशीन आहे. त्यांना बोलावू का? ते नाही म्हणाले तर मग तू हे सोडून देशील?"

मी हो म्हटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

सासूबाई काल संध्याकाळी परत आल्या. आज आकाश भरलेलंच आहे, पण ऊब आहे. म्हणजे हवेचा संबंध नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

वाघचौरे सर आले. तरुण आहेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. पेटीतून रेडिओसारखं एक यंत्र काढलं, त्याला वायरने जोडलेली नळी. आधी अंगणात धरलं. थांबून थांबून टिक टिक वाजत होतं. सर म्हणाले, "आपल्या नाशिकचा काळा पाषाण फार शांत आहे. त्यात युरेनियम-थोरियम जवळपास नाहीच. हे जे वाजतंय ते बरंचसं आकाशातून येतंय." मग नळी ओट्यावर धरली. टिकटिक वाढली. तृप्तीचा चेहरा उतरला. मला मात्र आतून काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं.

"दुप्पट," सर म्हणाले. "अंगणाच्या साधारण दुप्पट. पण ऐका ताई, दुप्पट हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. केरळात समुद्रकाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक याच्या कितीतरी पट किरणांत राहतायत. आणि रेडॉन म्हणाल तर एवढ्याशा ओट्यातून निघून निघून किती निघेल? खिडकी उघडली की गेला."

"म्हणजे निघतो."

"निघतो. पण—"

"आणि उष्णता?"

सरांनी कोपऱ्याला हात लावला. दुपारचे चार वाजले होते, दगड गार होता. म्हटलं, ही ऊब सकाळीच असते. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, "उष्णता तयार होते हे खरं. पृथ्वीचं पोट ज्यांनी तापलेलं आहे त्यात युरेनियम-थोरियमही आहेत. पण या एका ओट्यातली सगळी ऊब साठवून त्यावर कपभर चहा करायचा म्हटलं ना, तर दहा हजार वर्षं तरी थांबावं लागेल."

"येवढं कोन थांबतंय बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि उठून गॅलरीत गेल्या.

जाताना सरांनी विचारलं, "तृप्तीचे बाबा दगड कापताना तोंडाला काही बांधायचे का?" तृप्ती म्हणाली, रुमाल बांधायचे कधीतरी, पण गुदमरतं म्हणून काढून टाकायचे. सर त्यावर धुळीबद्दल पुढे बरंच काही सांगत होते, तृप्ती ऐकत होती. मी दुप्पट हा आकडा लेखाच्या कडेला लिहून घेत होते.

२५ ऑगस्ट, सोमवार

तृप्ती म्हणते, तू कबूल केलं होतंस. मी म्हटलं, सर नाही म्हणाले नाहीत. दुप्पट म्हणाले.

"आई, पूर्ण वाक्य ऐक ना!"

तिचं म्हणणं, तो बाबांनी केलेला ओटा आहे, कड घासताना तिला खांद्यावर बसवलं होतं, तिला आठवतं. मला काहीच आठवत नाही असं तिला वाटतं. मला आठवतं. आठवलं तरी आत काही हलत नाही, एवढंच. नातेवाइकांच्या घरातलं लग्न असल्यासारखं सगळं लांबून दिसतं.

३ सप्टेंबर, बुधवार

आज गणेश चतुर्थी. सुतक फिटलं तरी यंदा आपल्याकडे बसवायचा नाही, असं ठरलं आहे. शेजारच्यांनी मोदक आणून दिले. सासूबाईंनी एक मोदक वाटीत झाकून ठेवला. संध्याकाळी बघितलं तर वाटी रिकामी. त्यांच्या साखरेची मला काळजी वाटली, पण बोलले नाही. म्हातारं माणूस आहे, खाल्ला असेल.

भाऊजी आरतीला गेले नाहीत. जोरात म्हणताना दम लागतो म्हणे. म्हटलं, आपल्याला सणच नाही तर आरती कसली. ते म्हणाले, तेही आहेच.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजींना निर्वाणीचं सांगितलं. तुम्ही नाही काढला तर मी दुसरा फिटर आणेन, मग सगळ्या लिंक रोडला कळेल. ते म्हणाले, पितृपक्षानंतर बघू. म्हटलं, पितृपक्षाआधीच.

"ठीक आहे. मीच काढतो. बाहेरचा माणूस नको."

सासूबाई पहिल्यांदाच मधे पडल्या. "छाया, तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे की. बाकी काढ."

मी म्हटलं, "आई, तोच तर सगळ्यात वाईट आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

ओटा काढला.

समोरच्या मंडळाचा स्पीकर सुरू होता म्हणून कटरचा आवाज फारसा बाहेर गेला नसेल. अखंड दगड दारातून निघेना, तेव्हा भाऊजींनी दारं-खिडक्या बंद करून तो जागीच कापला. कोरडाच. मी तृप्तीला मैत्रिणीकडे धाडलं होतं. मी आणि सासूबाई हॉलमध्ये बसलो. दाराच्या फटीतून पांढरट-गुलाबी भुकटी धुरासारखी येत होती. टीव्हीवर, सोफ्यावर, ह्यांच्या फोटोच्या काचेवर, माझ्या मांडीवरच्या हातांवर बसत होती.

आवाज थांबला. दार उघडून भाऊजी बाहेर आले. केस, भुवया, पापण्या, ओठ, सगळं भुकटीने भरलेलं, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. उंबऱ्यात चौकटीला धरून उभे राहिले आणि खोकायला लागले. खोकला थांबेचना.

सासूबाई एकदम उठल्या. "ललित!" म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं ललितच आला कामावरनं. अस्साच यायचा."

हो, असेच यायचे. मी मागच्या दारी उभी राहून त्यांचा शर्ट झटकायचे.

तुकडे टेम्पोत टाकून नेले. नवा कडप्पा शनिवारी बसणार. तृप्ती परत आली, स्वयंपाकघर बघून सरळ खोलीत गेली. जेवली नाही. मी गोळी घेऊन झोपले.

१३ सप्टेंबर, शनिवार

कडप्पा बसला. काळा, साधा, चारचौघांकडे असतो तसा. भुकटी अजून निघतेच आहे. सकाळी पुसलं की संध्याकाळी परत थर. डाळीच्या डब्यात, चमच्यांच्या खोबणीत, कुठे म्हणून नाही असं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

ऊब आहे.

कडप्प्याला. त्याच कोपऱ्यात, तेवढीच जागा.

मी हात उचलला आणि परत ठेवला. मग दुसरा हात ठेवला. मग स्टूल ओढून तिथेच बसून राहिले. पाठीमागे टोपलीत एक पातेलं उपडं घातलं होतं, लहानसं, ह्यांच्या चहाचं. एप्रिलनंतर ते मी वापरलेलं नाही. त्याच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.

आज गोळी घेणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे गॅस पेटल्याचा आवाज आला. झोप लागली नव्हतीच. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

सासूबाई पाठमोऱ्या होत्या. चहा उकळला, तो त्यांनी गाळला नाही. पातेलं उचलून त्या कोपऱ्यात ठेवलं आणि वर ताटली झाकली, हे ठेवायचे तसंच. मग तिथेच उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन, जेवायला वाढून कुणाची वाट बघावी तशा. बऱ्याच वेळाने गाळून ह्यांचा कान तुटलेला कप भरला, गॅलरीत नेला आणि जास्वंदीच्या मुळाशी सावकाश ओतला. वळल्या तर समोर मी.

कप हातातच धरून म्हणाल्या, "तू म्हनशील, म्हातारीला याड लागलं."

मी दारातून पुढे आले.

"त्या दिशी मागितला हुता त्यानं. मुंबईला न्यायच्या दिशी. तपासणीला उपाशी आना म्हनले हुते ना डाक्टर. दोनदा म्हनला, आई, घोटभर दे. म्या म्हनलं, आल्यावर पी." त्यांनी कप पदराने पुसला. "आल्यावर पी म्हनलं, आन् आलाच नाय."

"मग मला सांगायचं ना आई. ओटा काढण्याआधी तरी."

"तुला कायतरी कारन घावलं हुतं. लय दिवसांनी तू जेवाय-खायला लागली व्हतीस, भांडाय लागली व्हतीस. म्हनलं, तुझ्याकडनं त्ये कशाला काढून घ्यावं?"

त्या आत जाऊन पडल्या. मी पातेलं घासलं. कोपऱ्याला हात लावला. ऊब बराच वेळ राहते, हे आज पाहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष सुरू आहे. भुकटी संपत नाही.

आज फ्रिज सरकवून मागचं पुसत होते. खाली बोटभर जाडीचा थर निघाला. बोट ओढलं तर पिठासारखी मऊ भुकटी. फुंकर मारली तर एकदम वर उडाली, खिडकीच्या उजेडात तरंगत राहिली आणि खाली येईचना. मला ठसका लागला. एका फुंकरीने.

तृप्ती शेजारी होती. म्हटलं, "त्या दिवशी सर शेवटी धुळीचं काय सांगत होते?"

ती म्हणाली, "की दगडातल्या किरणांपेक्षा दगडाच्या भुकटीची काळजी करा. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं कोरडं कापणाऱ्यांना त्यानेच आजार होतात. कॅन्सरसुद्धा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आई. त्याच संध्याकाळी. आणि परत पुढच्या आठवड्यात. तू हं म्हणालीस."

मी हातातलं फडकं बघत होते. गुलाबी झालं होतं. रोज संध्याकाळी मागच्या दारी मी शर्ट झटकायचे तेव्हा हाच ढग निघायचा, आणि मी मान वळवून म्हणायचे, किती माती आणता हो घरात. हे म्हणायचे, "माती नाही, राणीसाहेब, ग्रॅनाइट आहे. इंपोर्टेड." मग दोघं हसायचो. ज्याचं रंगरूप दिसत नाही असा वायू मी ओट्यात दीड महिना शोधत होते.

फरशीवर बसले आणि रडले. मोठ्याने, शेजारी ऐकतील असं. तृप्ती घाबरली, मग तीही बसली. सासूबाई भिंत धरत धरत आल्या, मधे बसल्या आणि कुणालाच गप्प बस म्हणाल्या नाहीत. दुःख झालं. आज खरोखर झालं.

नंतर तोंड धुताना भाऊजी आठवले. चौकटीला धरून उभे असलेले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात गेले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. पाटी तशीच आहे. मागच्या शेडमध्ये भाऊजी कापत होते, ढगात नुसते हात दिसत होते. मी कोपऱ्यातला पाण्याचा पाइप उचलला आणि ब्लेडसमोर दगडावर धार सोडली. पातं घरघरलं, लाल चिखल उडून माझ्या साडीवर आला. त्यांनी घाईने बटन बंद केलं.

"वहिनी! शॉक लागेल! पाण्याचं मशीन वेगळं असतं."

"मग ते आणा."

"अहो, चिखल होतो. गिऱ्हाइकाच्या घरी कसं चालेल? आपलं नावच कोरड्या कामावर—"

"होऊ दे चिखल. मी येऊन पुसेन. प्रत्येक घरी येऊन पुसेन."

त्यांना बहुतेक वाटलं, वहिनीचं डोकं फिरलं. रागावून काहीतरी बोलणार होते, पण खोकला आला. खाली वाकून खोकत राहिले. मी पाइप धरून उभी होते, पाणी पायांवरून वाहत होतं. खोकला थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "दादाचं सुरुवातीला असंच होतं का?"

म्हटलं, "असंच."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे सासूबाईंच्या आधी उठून मीच चहा ठेवला. पातेलं कोपऱ्यात ठेवलं, ताटली झाकली. त्या आल्या, बघितलं, पदर डोक्यावर घेतला. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. मग त्यांनी कप भरला आणि गॅलरीत नेला. उरलेला अर्धा कप मी प्यायले. डोकं आज हलकं होतं, गोळी मंगळवारपासून पुन्हा बंद केली आहे.

दहा वाजता भाऊजींना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. यायला तयार नव्हते. सासूबाईंनी दटावलं तेव्हा पायात चपला घातल्या. डॉक्टर वयस्कर आहेत. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, श्वास घ्या, सोडा, परत घ्या. मग खुर्चीत बसून पेन उघडलं.

"नाव?"

"भारत."

"सिगारेट? तंबाखू?"

"नाही."

"काम काय करता?"

भाऊजी ताठ बसले. शर्टाची कॉलर सारखी केली. "स्वतःचं शोरूम आहे, साहेब. ग्रॅनाइटचं. लिंक रोडला."

डॉक्टर लिहायला लागले.

"दगड कापतात," मी म्हटलं.

पेन थांबलं. भाऊजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी भर रस्त्यात पाटी उतरवल्यासारखं दुःख होतं. मला त्यांची दया आली, पण मी थांबले नाही.

"स्वतःच्या हाताने कापतात, डॉक्टर. कोरडा. तोंडाला काही न बांधता. यांचे मोठे भाऊही तसेच कापायचे, ते एप्रिलमध्ये गेले. मुंबईच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. खुर्ची पुढे ओढली.

"बसा ताई," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांगा."

मी बसले आणि सांगायला लागले.